चित्रपटाने आपल्या मनात काय रुजवले, ते कसे तपासावे

चित्रपट उपदेश करून फारसे शिकवत नाही. कोणाच्या दुःखाशी आपल्याला जवळून बसवायचे आणि कोणाकडे लांबून पाहायला लावायचे, हे ठरवून तो आपले मत घडवतो. हे तपासायचे असेल तर एकाच प्रश्नावरचे, वेगवेगळ्या काळातले दोन चित्रपट निवडावेत आणि ते शक्यतो घरातल्या दोन पिढ्यांनी एकत्र पाहावेत. सुरुवातीसाठी मी प्रभात फिल्म कंपनीचा 'कुंकू' (१९३७) आणि 'माहेरची साडी' (१९९१) ही जोडी सुचवेन.

पहिल्यांदा चित्रपट मध्ये न थांबवता पाहावा. डोळे कुठे भरून आले, हसू कुठे फुटले आणि राग कोणाचा आला, एवढेच कागदावर टिपावे.

दुसऱ्यांदा फक्त टिपलेले प्रसंग पाहावेत, एकदा आवाजासह आणि एकदा आवाज बंद करून. 'कुंकू'मधील नीरा, फसवून लग्न लावून दिलेल्या वृद्ध वकिलाला नवरा मानायला ठाम नकार देते. दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनी या चित्रपटात पार्श्वसंगीत टाळून घरातल्या नेहमीच्या आवाजांवर भर दिला, त्यामुळे कीव कोणाची करायची हे प्रेक्षकालाच ठरवावे लागते. 'माहेरची साडी'त मात्र सासरचा छळ सोसणाऱ्या सुनेसाठी रडायचे कधी, हे संगीत आधीच सांगून ठेवते. नकार देणारी नायिका आधीची आणि सोसणारी चौपन्न वर्षांनंतरची आहे, हे विसरू नये. काळ पुढे गेला की विचारही पुढे जातो, असे मुळीच नसते.

त्यानंतर घरातल्यांचे शब्द ऐकावेत. आमच्याकडे 'माहेरची साडी' संपल्यावर पदराने डोळे पुसत मोठी मावशी म्हणाली, "किती सोसलं गं पोरीनं!" त्या 'सोसलं'मध्ये हळहळीपेक्षा कौतुक अधिक होते. असा शब्द सापडला की तिथे थांबून, हे कौतुक आपण मुलाचे करू का, असे एकमेकांना विचारावे. ही चर्चा घाईने उरकू नये.

शेवटी, या दोन्ही घरांच्या गोष्टींत कोणाचे घर आलेच नाही, ते शोधावे आणि मग नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' पाहावा. डुकरामागे धावणाऱ्या, जब्या या दलित मुलाच्या कुटुंबाला गाव हसते, तेव्हा आपल्याही ओठांवर हसू आले होते का, हे प्रामाणिकपणे लिहावे. कारण अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो.