पहिला प्रोजेक्ट करताय? वीट लावायच्या आधीच्या या चुका टाळा

हल्ली तालुक्याच्या गावातही दिसतं, कामं घेणारा कॉन्ट्रॅक्टर असतो, प्लॉटिंगवाला असतो नाहीतर घरचीच जमीन हायवेला लागून असते, कोणीतरी म्हणतं आपणच बिल्डिंग टाकू आणि लगेच थ्रीडी फोटो बनवून घेतो. फोटो नंतर बनवा हो. नवा माणूस स्लॅबच्या खर्चात क्वचित बुडतो, जमिनीच्या कागदात बुडतो, आणि ते कळेपर्यंत लोकांचे बुकिंगचे पैसे घेऊन झालेले असतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे नुसता चालू सातबारा बघून टोकन देणं. मालकाचं नाव जुळलं की सगळे खुश, पण भूधारणा पद्धती, म्हणजे जमीन कोणत्या हक्काने धरलीय, ते कोण बघतं? तिथे भोगवटादार वर्ग २ (सरकारी अटी असलेली जमीन) असेल तर सरकारी परवानगी आणि नजराणा (सरकारला भरायची रक्कम) याशिवाय सहसा व्यवहार पुढे जात नाही. कुळ, खंड आणि इतर अधिकार या रकान्यात बँकेचा बोजा असतो, कधी "कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र" अशी एकच ओळ असते (म्हणजे कुळाला मिळालेली जमीन, विकायला बंधन) आणि त्या ओळीपायी फाइल वर्षभर पडून राहते. म्हणून जुने फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी) काढा, वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च (जुन्या व्यवहारांचा शोध) घ्या, पेपरात जाहीर नोटीस द्या, मगच पैसे.

फेरफार वाचताना वारसनोंदीत बहिणी आहेत का ते आधी बघा. जमीनमालक म्हणतो, "ताईचं काही टेन्शन नाही, ती आमच्या शब्दाबाहेर नाही." असेलही, पण हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे आणि २०२० मधे सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात नसले तरी तो हक्क जात नाही. ताईंना समोर बसवा, त्यांना समजेल असं सगळं सांगा, त्यांचा हिस्सा त्यांना मिळू द्या आणि मग करारावर सही घ्या किंवा रजिस्टर हक्कसोड करा, नोटरीच्या कागदावर भागवू नका. व्यवहार आधीच अडकला असेल तर कोर्टाच्या तारखा मोजण्यापेक्षा सगळ्या वारसांना एकत्र बसवून तडजोड केलेली बरी.

मग मोजणी. सातबाऱ्यावर २० गुंठे आहेत म्हणून २० गुंठ्यांचा हिशोब मांडायचा नाही, भूमी अभिलेखची मोजणी करून हद्दी कायम करा, झोन दाखला (जमीन रहिवासी की शेती झोनमधे, त्याचा दाखला) काढा, डीपी (विकास आराखडा) रस्ता किंवा आरक्षण प्लॉटमधून जातंय का बघा. आणि समोरचा रस्ता स्वतः टेप लावून मोजा, कारण यूडीसीपीआर या राज्याच्या बांधकाम नियमावलीमधे दाट वस्तीच्या बाहेर रस्ता ९ मीटरपेक्षा कमी असेल तर प्रीमियम एफएसआय (पैसे भरून मिळणारं जादा बांधकाम) आणि टीडीआर (दुसऱ्या जमिनीवरचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) मिळत नाही, आणि ब्रोकरने सांगितलेले मजले कागदावरच राहतात.

जमीनमालकाबरोबर भागीदारीत करणार असाल तर डेव्हलपमेंट अ‍ॅग्रीमेंट आणि कुलमुखत्यारपत्र (मालकाच्या वतीने सह्या करायचा अधिकार) दोन्ही रजिस्टर करा, स्टॅम्प ड्युटी वाचवायला जाऊ नका. मालकाच्या वाट्याच्या फ्लॅटवरचा जीएसटी कोण भरणार आणि उशीर झाला तर त्याला भाडं किती, हे त्यात स्पष्ट लिहा, भांडणं इथेच होतात.

रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा, त्याबद्दल एक गैरसमज फार पसरलाय की छोट्या प्लॉटला लागत नाही. जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा सगळे टप्पे धरून ८ पर्यंतच फ्लॅट असतील तरच सूट आहे. ५ गुंठे म्हणजे साधारण ५०६ चौरस मीटर, त्यावर ९ फ्लॅट काढले की नोंदणी लागणारच. रेरा नोंदणीचा नंबर यायच्या आधी व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला "प्री-लाँच ऑफर" टाकू नका, नोंदणी टाळल्याचा दंड प्रोजेक्टच्या अंदाजे खर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

पैशाचं गणित तर बरेच जण उलटं मांडतात, बुकिंग येईल तसं बांधू म्हणतात. रजिस्टर करारनामा केल्याशिवाय १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही, आलेल्यातले ७० टक्के वेगळ्या खात्यात जातात आणि ते त्याच प्रोजेक्टच्या जमीन-बांधकामासाठी, इंजिनीअर, आर्किटेक्ट आणि सीएच्या सर्टिफिकेटवर, जेवढं काम झालंय तेवढेच काढता येतात. निव्वळ जमीन घ्यायला बँक बिल्डरला कर्ज देत नाही. शिवाय १ एप्रिल २०१९ पासूनच्या घरांच्या ५ टक्के जीएसटीत इनपुट क्रेडिट मिळत नाही, म्हणजे सिमेंट-स्टीलवरचा टॅक्स तुमच्या खर्चात धरा. बुकिंग शून्य आलं तरी निदान प्लिंथपर्यंत (जोत्यापर्यंत) स्वतःच्या पैशाने जाता येईल का हे आधी तपासा, येत नसेल तर प्लॉट लहान घ्या.

काम चालू असताना प्लॅनमधे बदल करावासा वाटला, बाल्कनी आत घेतली, जिना हलवला, तर आधी सुधारित मंजुरी घ्या, नाहीतर भोगवटा प्रमाणपत्र (राहायला जाण्याची परवानगी) अडकतं आणि लोक घराचे हप्ते भरत भाड्याच्या घरात बसतात. ताबा लांबणार असं दिसलं की मुदत संपायच्या आधीच रेराकडे मुदतवाढीचा अर्ज टाका आणि ग्राहकांना फोन करून स्वतः सांगा. ताबा दिल्यावरही ५ वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी तुमचीच असते, तेव्हा टेरेसचं वॉटरप्रूफिंग करणाऱ्याचं शेवटचं पेमेंट एक पावसाळा जाईपर्यंत थोडं राखून ठेवा.