पोरगं झेडपीच्या शाळेत आहे? मग पालकांनी एवढं तरी करा

मी जळगाव जिल्ह्यातल्या खेड्यातला, घरी कापूस आणि थोडी केळी. मुलगी झेडपीच्या शाळेत तिसरीला आहे आणि मी दोन वर्षं शाळा व्यवस्थापन समितीवर होतो. गावातले लोक विचारतात शाळा चांगली आहे का, कळणार कसं, आणि आपण करायचं काय, तर जे करून पाहिलं तेच सांगतो.

शिष्यवृत्तीच्या परीक्षेत कोण आलं, नवोदयला कोण लागलं हे फ्लेक्सवर लागतं आणि लागायलाच पाहिजे, त्यामागे गुरुजींची सुट्टीतली मेहनत असते. पण ती दोन-चार पोरं झाली. आपल्या पोराचं बघायचं तर संध्याकाळी दहा मिनिटं जवळ बसवा आणि पुस्तकातला अजून न शिकवलेला धडा काढून द्या. पाठ झालेला धडा पोरं घडाघडा म्हणतात, त्यावरून काही कळत नाही. बियाण्याच्या पाकिटावरचं वाचायला लावा, एसटीची पाटी वाचायला लावा, किराणाच्या चिठ्ठीची बेरीज करायला लावा आणि मग विचारा, काय वाचलं ते तुझ्या शब्दांत सांग. 2021 ला केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान सुरू झालं त्यात पण हेच आहे, तिसरी संपेपर्यंत पोराला समजून वाचता आलं पाहिजे आणि साधं गणित आलं पाहिजे. अडलं तर कुठे अडतं ते लक्षात ठेवा, जोडाक्षरात अडतं की हातच्याच्या वजाबाकीत, आणि गुरुजींना तेवढंच सांगा. "पोरगं कसं आहे?" विचारलं की "चांगलं आहे" हेच उत्तर येतं, नेमकं विचारलं की गुरुजी वही काढून दाखवतात. आणि पालकांची नियमित सभा घेऊन पोराची हजेरी आणि प्रगती सांगणं हे शिक्षणहक्क कायद्यात, 2009 च्या, शिक्षकाचं कामच म्हणून लिहिलंय, त्यामुळे विचारायला लाजू नका.

अहिराणीचं जरा जास्त सांगतो कारण आपल्याकडे पहिलीत पोरं इथेच गप्प होतात. घरी आठे, तठे, मना, तुना (इथे, तिथे, माझा, तुझा) बोलणारं पोर शाळेत गेलं की सगळं दुसरंच ऐकतं, आणि मॅडम दुसऱ्या जिल्ह्यातल्या असल्या तर त्यांनाही पोराचं कळत नाही. कुठे कुठे घरचेच पोराला रागावतात की अहिराणी बोलू नको, हे करू नका हो, जीव तुटतो बघून. शक्य तिथे मातृभाषेतून शिकवावं असं त्याच कायद्यात आहे. आम्ही दोन-तीन आयांना बसवून रोजच्या वापरातल्या शब्दांची यादी केली, आंडोर म्हणजे मुलगा, आंडेर म्हणजे मुलगी अशी, आणि नवीन मॅडमना दिली. त्यांनी ती वर्गात चिकटवली आणि पोरं बोलायला लागली. सातपुड्याकडे पावरा, भिलोरी बोलतात तिथेही हे करता येईल, खर्च एका कार्डशीटचा.

दुसरी गोष्ट हजेरी. दसरा-दिवाळीपासून कापूस वेचणी लागली की वर्ग अर्धे होतात, आणि मोठी बहीण लहान्याला सांभाळायला घरी राहते, तिचंच शिक्षण आधी जातं. वेचणीच्या दिवसांत शेजारच्या आजीकडे लहान्यांना ठेवायची पाळी लावा, आणि एखादा दिवस बुडणारच असेल तर आदल्या दिवशी गुरुजींना सांगा म्हणजे राहिलेलं ते नंतर करून घेतात. ऊसतोडीला जाणारे असाल तर निघायच्या आधीच, पोळ्याच्या सुमारास, मुख्याध्यापकांना हंगामी वसतिगृहाचं विचारा, टोळी निघाल्यावर विचारून उपयोग नाही.

आता समिती. तिच्यात 75 टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या बायका असाव्या लागतात, अध्यक्ष पालकांमधूनच, मुख्याध्यापक सचिव. पहिल्या सभेत मी इतिवृत्त न वाचताच सही केली होती, ते चुकलंच माझं. तुम्ही वाचा, शाळा विकास आराखडा मागून घ्या, अनुदान किती आलं आणि कशावर गेलं ते विचारा. आराखड्यात आधी काय घ्यायचं यावर भांडण होतंच, कोणाला प्रवेशद्वार पाहिजे कोणाला टीव्ही. माझं मत विचाराल तर मुलींच्या संडासात पाणी आणि वर्गात वाचायची पुस्तकं, बाकी नंतर. पोषण आहाराची चव बघायला महिन्यातून एकदा कोणीतरी आई जाऊन बसली तरी पुरे.

आणि सभेची वेळ. आमच्याकडे दुपारी असायची, मजुरीवर जाणारी बाई दिवस पाडून कशी येणार? आम्ही गुरुजींना विनंती करून सकाळी साडेसातला घेतली, शेतात जायच्या आधी. डबे घेऊनच आल्या सगळ्या, ओट्यावर बसल्या, आणि पहिला प्रश्न एका आजीने विचारला, मनी नात वाचस का?