शाळेचा चार्ज घेण्याआधी तांदळाचं पोतं काट्यावर चढवा

शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर सिंधुदुर्ग आलं तेव्हा घरी पेढे वाटले. आम्ही घाटावरची माणसं. समुद्र पाहिला होता तो सहलीत. शाळा पहिली ते सातवी, पट २३, शिक्षक दोन. एका खोलीत तीन-चार वर्ग बसवण्याची धास्ती घेऊ नका. सातवीतली पोरं पहिलीला अक्षरं गिरवायला लावतात, महिनाभरात जमतं.

खरा फास दप्तराचा, म्हणजे शाळेच्या नोंदवह्यांचा.

मुख्याध्यापक निवृत्त झाले, बाई प्रसूती रजेवर, म्हणून शाळेचा चार्ज माझ्याकडे, म्हणजे दोन महिन्यांच्या शिक्षण सेवकाकडे (मानधनावरचा नवा शिक्षक). आमच्या केंद्रातले (आसपासच्या शाळांचा गट) एक ज्येष्ठ शिक्षक म्हणाले, "शाळेतल्या सामानाची यादी तयारच आहे, सही करून टाक." केली. (अशा प्रेमळ ज्येष्ठांपासून चार हात लांब राहा. पाठाच्या तयारीची टाचण वहीही तेच तयार देतात.)

पोषण आहाराच्या तपासणीत तांदळाची पुस्तकी (वहीतली) शिल्लक १६४ किलो, काट्यावर ११० भरले. आमच्याकडे पाचवीपर्यंतची १४ मुलं, प्रत्येकी १०० ग्रॅम. सहावी-सातवीची ९, प्रत्येकी १५०. म्हणजे दिवसाला पावणेतीन किलो. ५४ किलो म्हणजे जवळपास वीस दिवसांचा भात! मागच्या आषाढात कौलं गळून एक पोतं भिजलं, आंबलं, टाकलं. पंचनामा कुणी केला नव्हता. चोरी कुणाचीच नाही, पण सही माझी. १६ हजारांच्या मानधनातून भरपाई गेली.

स्वयंपाकीण मावशी म्हणाल्या, "गुरुजी, टोपात जातत ते तांदूळ मी मोजतंय, वहीत जातत ते तुमी."

म्हणून शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना समोर बसवा, वाडीतल्या दुकानातून काटा आणा, पोतं न पोतं तोला. पुस्तकी शिल्लक आणि प्रत्यक्ष शिल्लक शेजारी-शेजारी लिहा, फरकाखाली जुन्या-नव्या दोघांच्या सह्या. डाळ, तेल, मीठसुद्धा. जुने साहेब रागावले तर रागावू देत. रोखकिर्द आणि पासबुक त्याच बैठकीत जुळवा. तांदूळ भिजला की त्याच दिवशी पंचनामा, फोटो, केंद्रप्रमुखांना पत्र. पोती भिंतीपासून वीतभर लांब, फळीवर. इथली भिंत पावसात पाणी पिते.

बाकी सगळं निभतं. गणपतीत आठवडाभर वर्ग ओस पडतो, घाबरू नका, पोरं परत येतात. संचमान्यता (शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरवणं) ३० सप्टेंबरच्या पटावर होते, तेव्हा आधारवरचं नाव आणि दाखल-खारीज रजिस्टरमधलं नाव गणपतीआधीच जुळवून ठेवा. वहाळाला (ओढ्याला) पाणी असेल तर साकवापाशी (छोट्या पुलापाशी) उभं राहून लहान्यांना पलीकडे घ्यावं लागतं. पहिल्या वर्षी माझ्या चपला त्यातच गेल्या.