कॉम्प्युटर चालू होता होता बंद पडतोय? आधी तो नेमका कुठे अडतोय ते बघा

बटण दाबलं, पंखा फिरला, लोगो आला आणि गेलं सगळं. परत बटण, परत लोगो, परत तेच. असं झालं की बरेच जण एकतर वीस-पंचवीस वेळा बटण दाबत बसतात नाहीतर वैतागून थेट फॉरमॅट मारतात. कृपा करून दोन्ही करू नका. हार्ड डिस्क आजारी असेल तर सारखं चालू-बंद केल्याने ती अजून खचते, आणि फॉरमॅट मारल्यावर मूळ दोष रॅमचा (चालू कामापुरती मेमरी) किंवा पॉवर सप्लायचा (आतला वीज पुरवणारा डबा) निघाला तर डेटाही गेला आणि मशीनही तसंच राहिलं.

त्याआधी एकच काम करा, तो नेमका कुठपर्यंत जाऊन पडतो ते नीट बघा. फोनवर व्हिडिओ काढला तर उत्तम, कारण एरर अर्धा सेकंद दिसून जाते आणि ती नंतर थांबवून वाचता येते. काहीच होत नाही, पंखे फिरतात पण स्क्रीन काळी, कंपनीचा लोगो येऊन अडतं, विंडोजचे ठिपके गोल फिरताना पडतं, की डेस्कटॉप आल्यावर मिनिटभरात पडतं, या पाच जागा आहेत आणि प्रत्येक जागेचे संशयित वेगळे. हे एकदा कळलं की अर्धं काम झालं म्हणून समजा.

अजून एक, कॉम्प्युटरला पेन ड्राइव्ह, प्रिंटर, वेबकॅम, हब, बाहेरची हार्ड डिस्क जे काही लावलंय ते सगळं काढा, फक्त कीबोर्ड, माऊस आणि मॉनिटर ठेवा आणि एकदा चालू करून बघा. विश्वास बसणार नाही इतक्या वेळा इथेच प्रश्न सुटतो, कारण कधी कधी मशीन विसरलेल्या पेन ड्राइव्हवरूनच बूट, म्हणजे सुरू, व्हायला बघत असतं.

काहीच होत नसेल, दिवाही लागत नसेल, तर एक्स्टेंशन बोर्ड बाजूला ठेवून थेट भिंतीच्या सॉकेटला लावा, केबल बदलून बघा, आणि पॉवर सप्लायच्या मागे छोटा स्विच असतो तो कोणाच्या धक्क्याने बंद झालाय का ते बघा. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग चार्जर लावून चालू करा. पॉवर सप्लायचा डबा मात्र कधीही उघडू नका, वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो आणि तो जिवावर बेतू शकतो. तिथे दुसरा सप्लाय लावून बघणे हाच उपाय.

पंखे फिरतात पण स्क्रीन काळी, इथे पहिला संशय रॅमवर. (त्याआधी मॉनिटरची केबल बघा, वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डलाच हवी, मदरबोर्डच्या, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डच्या, पोर्टला नाही.) मशीन बंद करा, वायर भिंतीतून काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला करंट निघून जाईल, मग कॅबिनेटच्या रंग नसलेल्या लोखंडाला हात लावा म्हणजे अंगातली स्टॅटिक जाईल. आता रॅमच्या पट्टीच्या कडेचे क्लिप उघडा, पट्टी सरळ वर काढा, सोनेरी टोकांवर धूळ किंवा काळपटपणा असेल तर कोरड्या स्वच्छ कापडाने अलगद पुसा, आणि खाच जुळवून परत बसवा. क्लिपचा खट् आवाज यायला हवा, तो आला नाही तर पट्टी पूर्ण बसलेली नाही. नवीन माणूस इथेच घाबरतो, जोर लावावा की नाही कळत नाही, पण दोन्ही टोकांवर अंगठ्याने सारखा आणि बऱ्यापैकी दाब द्यावाच लागतो. दोन पट्ट्या असतील तर एक काढून एकीवर चालवून बघा, मग दुसरीवर, मग स्लॉट बदलून. मशीन बीप देत असेल तर ते मोजा, लांब किती आखूड किती, आणि मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये त्याचा अर्थ शोधा. प्रत्येक कंपनीचे बीप वेगळे असतात त्यामुळे दुसऱ्याच्या मशीनचा अर्थ आपल्याला लावू नका.

लोगोवर अडत असेल तर डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारा, मशीनच्या सेटिंग्जचा भाग) जाता येतंय का बघा, काही मशीनवर दुसरी की असते, लोगोखाली लिहिलेलं असतं. बायोसमध्ये तीन गोष्टी बघायच्या. एक, तुमची हार्ड डिस्क किंवा एसएसडी यादीत दिसते का, दिसत नसेल तर केबल सैल आहे किंवा डिस्क गेली. दोन, सीपीयूचं म्हणजे प्रोसेसरचं तापमान, नुसत्या बायोसमध्ये बसून ते ९० अंशांच्या पुढे चढत असेल तर पंखा अडकलाय किंवा हीटसिंक (प्रोसेसर थंड ठेवणारा धातूचा भाग) सुटलाय, अशा वेळी प्रोसेसर स्वतःला वाचवायला मशीन बंद करतो आणि आपल्याला वाटतं विंडोज बिघडलंय. तीन, रॅमचं एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल (रॅम जास्त स्पीडवर चालवणारी सेटिंग) चालू असेल तर बंद करून बघा, जास्त स्पीडवर न टिकणारी रॅम बूट होतानाच हमखास दगा देते.

आणि घड्याळ बघा. तारीख दरवेळी मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल संपलाय, बहुतेक डेस्कटॉपमध्ये तो सीआर२०३२ असतो, ३ व्होल्टचा. बदलायला सोपा आहे पण थांबा, इथे माझा स्वतःचा अनुभव सांगते.

बाबांच्या डेस्कटॉपची तारीख रोज चुकायची म्हणून मी सेल बदलला. पाच मिनिटांचं काम. चालू केलं तर निळी स्क्रीन, इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस. बाबा शेजारी उभे, म्हणाले, "अगं, सकाळपर्यंत तर चालत होता, आता काय झालं?" त्यांचे बारा वर्षांचे फोटो त्या डिस्कवर होते, माझ्या पोटात गोळा आला. केबल बदलली, पोर्ट बदलला, विंडोजची आपोआप दुरुस्ती, म्हणजे स्टार्टअप रिपेअर, तीनदा चालवली, काही नाही. दोन तास गेले. मग बायोसमध्ये परत एकेक ओळ वाचत गेले तेव्हा साटा मोड (डिस्कशी कसं बोलायचं ते ठरवणारी सेटिंग) नावाच्या ओळीत रेड (RAID) लिहिलेलं दिसलं. सेल काढल्यावर बायोसच्या सगळ्या सेटिंग्ज कंपनीच्या मूळ सेटिंगवर जातात, आणि त्या मशीनची मूळ सेटिंग रेड होती, विंडोज मात्र एएचसीआय (AHCI) या दुसऱ्या मोडवर टाकलेलं होतं. ती एक ओळ बदलली, सेव्ह केलं, आणि दहा सेकंदात डेस्कटॉप समोर. डिस्क ठणठणीत होती. तेव्हापासून बायोसला हात लावायच्या आधी मी प्रत्येक पानाचा फोनवर फोटो काढते, आणि तुम्हालाही हेच सांगते, फोटो काढल्याशिवाय तो सेल काढू नका. दुसरं म्हणजे डिस्कवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) असेल तर बायोसमधल्या बदलानंतर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं, ती बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते, दुसऱ्या फोनवरून आधीच बघून लिहून ठेवा.

आता सगळ्यात जास्त लोक अडकतात ती जागा, विंडोजचे ठिपके फिरताना पडणं. निळी स्क्रीन येते त्यावर खाली स्टॉप कोड असतो (विंडोज ११ मध्ये २०२५ च्या अपडेटपासून ती स्क्रीन काळी झालीये, घाबरू नका, तीच ती). कोड म्हणजे निकाल नाही, पण दिशा मिळते. मेमरी मॅनेजमेंट आलं तर रॅम आधी तपासा, व्हिडिओ टीडीआर फेल्युअर आलं तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर (ते हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर), डब्ल्यूने सुरू होणारं व्हिया (WHEA) अनकरेक्टेबल एरर आलं तर हार्डवेअर, तापमान किंवा ओव्हरक्लॉकिंग (ठरलेल्यापेक्षा जास्त स्पीडवर चालवणं), आणि वरचं इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस म्हणजे विंडोजला स्वतःची डिस्कच सापडत नाहीये. दरवेळी वेगळाच कोड येत असेल तर ते बहुतेक वेळा रॅम किंवा पॉवरचं लक्षण.

विंडोजच्या दुरुस्तीच्या स्क्रीनवर, म्हणजे रिकव्हरीत, कसं जायचं? दोनदा बूट फसलं की विंडोज स्वतःच पुढच्या वेळी रिकव्हरीची स्क्रीन काढतं. नाही आली तर ठिपके फिरताना पॉवर बटण दाबून धरून बंद करा, असं दोनदा करा, तिसऱ्यांदा चालू होऊ द्या. हे एवढ्यापुरतंच, सवय लावू नका. तिथे ट्रबलशूट, मग अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग स्टार्टअप सेटिंग्ज, मग रिस्टार्ट. आकड्यांची यादी येते त्यात ४ म्हणजे सेफ मोड (फक्त गरजेपुरत्या ड्रायव्हरवर चालणारं विंडोज), ५ म्हणजे इंटरनेटसकट सेफ मोड. आणि ९ लक्षात ठेवा, त्याने क्रॅशनंतर आपोआप रिस्टार्ट होणं थांबतं, म्हणजे एरर वाचायला वेळ मिळतो. जुन्या काळी एफ८ दाबलं की सेफ मोड यायचा, विंडोज ८ पासून ते मुळात बंद ठेवलेलं असतं त्यामुळे एफ८ बडवत बसू नका.

सेफ मोड नीट चालला तर आनंद माना, कारण विंडोजचा गाभा आणि बरंचसं हार्डवेअर ठीक आहे, दोष एखाद्या ड्रायव्हरचा किंवा सुरुवातीला आपोआप चालू होणाऱ्या प्रोग्रामचा आहे. शेवटचं काय टाकलं ते आठवा. नवीन अँटिव्हायरस, ग्राफिक्स ड्रायव्हर, विंडोज अपडेट? ते काढा. फक्त अपडेट काढायचं असेल तर सेफ मोडशिवायही जमतं, त्याच अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये अनइन्स्टॉल अपडेट्स आहे. एक सदोष फाइल काय करू शकते ते १९ जुलै २०२४ ला जगाने बघितलं, क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीच्या एका अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन पडली, विमानतळ आणि हॉस्पिटलं अडकली, आणि बऱ्याच मशीनवर उपाय हाच होता, सेफ मोडमध्ये जाऊन ती फाइल उडवायची.

सेफ मोडसुद्धा पडत असेल तर पुढची परीक्षा माझी सगळ्यात आवडती. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उबुंटूचा (विंडोजसारखीच पण फुकट ऑपरेटिंग सिस्टम) बूट होणारा पेन ड्राइव्ह बनवा आणि इन्स्टॉल न करता नुसता चालवून बघा. उबुंटू तास दोन तास आरामात चालला तर हार्डवेअर बहुतेक ठीक, विंडोजच्या फाइल बिघडल्यात. उबुंटूही पडला किंवा अडकला तर विंडोजला दोष देणं सोडा, रॅम, पॉवर सप्लाय, तापमान यांच्या मागे लागा. आणि सगळ्यात मोठा फायदा म्हणजे इथूनच तुमचे फोटो, कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करता येतात. आत्ताच करा, दुरुस्ती नंतर. डिस्क टकटक किंवा कुरकुर आवाज करत असेल तर त्या डिस्कवर चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणारी कमांड) वगैरे काहीही चालवू नका, तिच्यात जे काही तास उरलेत ते कॉपी करण्यात जाऊ द्या. आणि त्या डेटाशिवाय चालणारच नसेल तर तेही करू नका, मशीन बंद ठेवून डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

रॅमची शंका असेल तर विंडोजचं स्वतःचं मेमरी डायग्नोस्टिक आहे, पण मी मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर लावून ठेवते, एका फेरीत न सापडलेला दोष चौथ्या फेरीत सापडतो. एक जरी लाल ओळ आली तरी ती पट्टी बाद.

डेटा कॉपी झाला आणि हार्डवेअर ठीक निघालं की मग विंडोजची दुरुस्ती, आणि ती सौम्य उपायापासून. आधी स्टार्टअप रिपेअर, मग सिस्टम रिस्टोअर, मग कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएफसी स्कॅननाऊ (sfc /scannow, विंडोजच्या बिघडलेल्या फाइल दुरुस्त करणारी कमांड). रिकव्हरीतून एसएफसी चालवताना विंडोजचा ड्राइव्ह सी ऐवजी डी दिसू शकतो, तो कोणता ते आधी बघा आणि कमांडमध्ये विंडोजचा पत्ता द्यायला विसरू नका, नाहीतर कमांड चालतच नाही. यातल्या कशानेच नाही झालं तर रिसेट धिस पीसी मध्ये कीप माय फाइल्स निवडा, फाइल राहतात पण टाकलेले प्रोग्राम जातात, ते परत टाकावे लागतील.

डेस्कटॉप आल्यावर पडणाऱ्या मशीनचं सोपं आहे, टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीत सगळं बंद करा आणि अर्धं अर्धं चालू करत दोषी शोधा.

एक वेगळं लक्षण मुद्दाम सांगते कारण ते पटकन कोणाच्या ध्यानात येत नाही. रात्री शटडाऊन करून सकाळी चालू केलं की पडतं, पण रिस्टार्ट केलं की मस्त चालतं, असं असेल तर फास्ट स्टार्टअप बंद करून बघा. विंडोज ८ पासून शटडाऊन म्हणजे पूर्ण बंद नसतं, गाभ्याची आणि ड्रायव्हरची स्थिती डिस्कवर साठवून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते, रिस्टार्टमध्ये मात्र सगळं कोरं सुरू होतं. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे पॉवर बटण काय करतं ती लिंक, आणि फास्ट स्टार्टअपची खूण काढा. चालू व्हायला काही सेकंद जास्त लागतील.

हे सगळं करताना एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लगेच चालू करून बघा. रॅम काढली, ड्रायव्हर बदलला, सेल टाकला असं एकदम केलं आणि मशीन चालू झालं तरी कशाने झालं ते कळणार नाही, मग पुढच्या महिन्यात परत पडलं की परत पहिल्यापासून. मी कागदावर वेळ टाकून लिहिते, काय बदललं आणि कुठपर्यंत गेलं. आणि मशीन नीट चालायला लागलं तरी तीन-चार दिवस पूर्ण थंड झाल्यावर, म्हणजे सकाळी पहिल्यांदा, चालू करून बघत राहा, बरेच दोष गरम मशीनवर लपून बसतात.