सामाईक अवयव बाहेर काढून अवयव कसे पाडायचे?

अवयव पाडायचे म्हटलं की बरीच मुलं थेट सूत्रं आठवायला लागतात, पण आधी बघायचं ते हे की सगळ्या पदांत काही सारखं आहे का. ते बाहेर काढलं की निम्मं गणित तिथेच सुटतं.

हे उदाहरण घ्या: १२अ³ब² + १८अ²ब − ६अब

पहिलं, नुसते आकडे बघा. १२, १८ आणि ६ यांचा मसावि ६.

मग अक्षरं. अ तिन्ही पदांत आहे, घातांक ३, २ आणि १, यातला सगळ्यात लहान घ्यायचा म्हणजे अ. ब चे घातांक २, १, १ म्हणून ब. एखादं अक्षर एका जरी पदात नसेल तर ते सोडून द्या, ते सामाईक नाहीच.

म्हणजे बाहेर येणार ६अब. आता प्रत्येक पदाला ६अब ने भागायचं आणि उत्तर कंसात लिहायचं:

६अब(२अ²ब + ३अ − १)

तो शेवटचा १ नीट बघा! ६अब ला ६अब ने भागलं की १ उरतो, शून्य नाही, आणि सगळ्यात जास्त मार्क इथेच जातात कारण "ते पद तर पूर्ण बाहेर गेलं ना" असं वाटून कंसात काही लिहितच नाहीत. सुरुवातीला तीन पदं होती तर कंसातही तीनच हवीत, एवढं मोजलं तरी चूक लगेच सापडते.

बाहेर नुसते ३अब काढले तर? चूक नाही, पण काम अर्धवट, कंसात अजून २ सामाईक राहतो.

पहिलं पद वजा असेल तर वजाच बाहेर काढा, फक्त आतली सगळी चिन्हं बदलतात: −४क्ष² + ८क्ष = −४क्ष(क्ष − २).

कधीकधी अख्खा कंसच सामाईक असतो पण उलटा लिहिलेला. ३म(न − २) + ५(२ − न) मध्ये (२ − न) म्हणजे −(न − २), म्हणून ते ३म(न − २) − ५(न − २) झालं, आणि उत्तर (न − २)(३म − ५). ही युक्ती एकदा हातात बसली की चार पदांचे गट पाडायची गणितंसुद्धा सोपी जातात.

शेवटी कंस परत गुणून बघा, मूळ राशी आली पाहिजे. वेळ नसेल तर अ = १, ब = १ ठेवा: वर १२ + १८ − ६ = २४, खाली ६ × ४ = २४. जुळलं नाही तर नक्की चुकलंय, पण जुळलं म्हणून शंभर टक्के बरोबर असं नाही, पक्की खात्री गुणाकारानेच होते.