विद्यार्थ्यांना स्वतःच्या अभ्यासाचे मूल्यमापन कसे करू द्यावे

मुलाला स्वतःच्या वहीवर गुण द्यायला सांगणे म्हणजे स्वमूल्यमापन नव्हे. चांगले उत्तर कसे असते हे त्याला आधी ठाऊक असले, आपले उत्तर त्याच्याशी ताडून पाहता आले आणि राहिलेली उणीव भरून काढायला वेळ मिळाला, तरच त्याचा उपयोग होतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने प्रगतिपुस्तकात शिक्षकांच्या मूल्यमापनाबरोबर विद्यार्थ्याच्या स्वतःच्या आणि सहाध्यायांच्या मूल्यमापनालाही स्थान दिले आहे; परंतु वर्षअखेरीस एक रकाना भरून घेतल्याने ते साधत नाही.

इंदूरच्या सातवीच्या वर्गात ‘नर्मदेचे पाणी आपल्या नळापर्यंत कसे येते?’ हा प्रश्न द्यायचा आहे, असे समजा. लेखनापूर्वी स्वतः तयार केलेली दोन उत्तरे फळ्यावर लिहा. पहिल्यात ‘पाणी नर्मदाकाठच्या जलूदहून नळाने येते’ एवढेच असावे. दुसऱ्यात, नदी खाली वाहते आणि इंदूर माळव्याच्या पठारावर उंच वसले आहे, म्हणून पाणी पंपांनी वर चढवावे लागते, हे कारण यावे. कोणते उत्तर सरस आणि का, हे मुलांनाच सांगू द्या आणि त्यांच्याच शब्दांतून निकष ठरवा: ‘कारण दिले आहे का?’, ‘टप्पे क्रमाने आले आहेत का?’ दोन-तीन निकष पुरेत. ‘मांडणी प्रभावी असावी’ असला निकष मुलाला तपासता येत नाही, म्हणून तो टाळावा.

उत्तर लिहून झाल्यावर प्रत्येक निकष पूर्ण करणारे वाक्य मुलाने अधोरेखित करावे. माझ्या मते सर्वांत मोलाची पायरी हीच, कारण जिथे अधोरेखित करण्याजोगे काही सापडत नाही, तिथली उणीव शिक्षकांनी न सांगताही त्याला दिसते. त्याच तासिकेत दुरुस्तीसाठी दहा मिनिटे राखून ठेवावीत. ‘घरून दुरुस्त करून आणा’ म्हटले की बहुधा ते राहून जाते.

या कामाला गुण देऊ नयेत. गुण मोजले जाणार असतील, तर मूल उणीव दाखवण्याऐवजी झाकेल. शिक्षकांनी उत्तरापेक्षा अधोरेखन तपासावे आणि चुकीचे वाक्य निवडलेल्या मुलाशी तेवढ्यापुरते बोलावे. काही मुले उगाच समाधानी असतात, तर काही अतिशय काळजीपूर्वक लिहूनही स्वतःला कमी लेखतात; अशांना निकष पुन्हा वाचायला सांगून त्यांच्याच वाक्यावर बोट ठेवून दाखवावे.

शेवटी मुलाने ‘पुढच्या वेळी मी काय पाहीन’ हे एका वाक्यात लिहावे. घरी मराठी आणि शाळेत हिंदी बोलणाऱ्या मुलाने ते कोणत्याही भाषेत लिहिले तरी चालेल. पुढील लेखन सुरू करण्यापूर्वी त्याच्याकडून ते वाक्य आवर्जून वाचून घ्यावे.