कमी दिवसांच्या बाळात ऑटिझमची चाहूल लवकर कशी ओळखावी

३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांत ऑटिझमचं (स्वमग्नतेचं) प्रमाण पूर्ण दिवसांच्या बाळांपेक्षा जास्त असतं. बहुतेकांना तो होत नाही, पण लक्ष सगळ्यांवरच ठेवायचं.

आधी वय दुरुस्त करा. २८व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ १२ आठवडे आधी आलं, म्हणून दीड वर्षाचं झालं तरी ते सव्वा वर्षाचंच धरा. दोन वर्षांपर्यंत हाच हिशेब.

ऐकू येतं का ते आणि डोळ्यांचा पडदा तपासून घ्या.

आता अवघड भाग. असं बाळ उशिरा बसतं, उशिरा चालतं, त्यामुळे घरचे सगळंच ‘कमी दिवसांचं आहे ना’ म्हणून सोडून देतात. बसणं-चालणं बाजूला ठेवा आणि ते माणसांशी कसं वागतं ते बघा. रावेर-यावलकडे ओट्यावर बसलेल्या पोराला केळीने भरलेला ट्रॅक्टर दिसला, तर ते बोट दाखवतं आणि वळून आईचा चेहरा बघतं. ते वळून बघणंच महत्त्वाचं. बिस्किटाकडे हात करणं म्हणजे मागणं. ते यात धरू नका. हा फरक पकडायला मलाही वेळ लागला. दुरुस्त वयाने दीड वर्ष झालं तरी असं दाखवणं नसेल, किंवा वर्ष उलटूनही हाकेला वळत नसेल, तर थांबू नका. हाक मागून मारा, घरात ज्या नावाने बोलावता त्याच नावाने, टाळी-खुळखुळा न वाजवता आणि मोबाईल बंद ठेवून. ‘त्याचा बाप पण उशिरा बोलला’ हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्यात हातचे महिने जातात.

१६ ते ३० महिन्यांत एम-चॅटचे, म्हणजे ऑटिझमच्या प्राथमिक चाचणीचे, २० प्रश्न भरून घ्या. ३ ते ७ गुण आले तर पुढची सविस्तर विचारपूस झालीच पाहिजे. हातापायांच्या किंवा नजरेच्या अडचणीनेही या बाळांचे गुण वाढतात, म्हणून नुसत्या आकड्यावर ऑटिझमचा शिक्का मारू देऊ नका. ८ किंवा जास्त आले तर थेट तज्ज्ञाकडे. दीड वर्षाला गुण कमी आले तरी दोन वर्षांना पुन्हा भरा.

अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला बाळ दाखवा आणि जिल्ह्याच्या डीईआयसीची (लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या सरकारी केंद्राची) चिठ्ठी मागून घ्या. निदानाची वाट न बघता थेरपी सुरू करता येते. जाताना डिस्चार्ज कार्ड न्या आणि घरात खेळतानाचा व्हिडिओही. दवाखान्यात बाळ घाबरून वेगळंच वागतं.